पुडकीं बांधणाऱ्यांचा इतिहास

यंत्रविद्येच्या इतिहासांत शोधकांचीं नांवें टिकतात. शोध घरोघर पोंचविणाऱ्यांचीं टिकत नाहींत. आगगाडीचें इंजिन कोणीं सुधारलें हें शाळेंतला मुलगाहि सांगूं शकतो, पण मालाच्या पावतीची, वजनाची आणि एका गाडींतून दुसऱ्या गाडींत सामान चढविण्याची व्यवस्था कोणीं लावली, हें कोणी विचारीत नाहीं. संगणकाच्या क्षेत्रांतहि असेंच झालें आहे. फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाचा विद्यार्थी लायनस टॉरवल्ड्स यानें १९९१ सालीं 'लिनक्स' नांवाचा कार्यप्रणालीचा गाभा लिहिला, ही गोष्ट आतां पुष्कळ सुशिक्षितांस ठाऊक आहे. त्या गाभ्याभोंवतीं हजारों आज्ञावल्या नीट बांधून, त्यांवर चिठ्ठी लावून, त्या कोणाच्याहि संगणकावर बिनचूक बसतील अशी सोय ज्यांनीं केली, त्यांचीं नांवें मात्र फारशीं कानांवर येत नाहींत. प्रस्तुत हकीकत त्या लोकांची आहे.

मूळ अडचण काय होती तें प्रथम पाहिलें पाहिजे. आज्ञावली म्हणजे संगणकानें कोणतें काम कोणत्या क्रमानें करावें हें सांगणारा लेख. तो माणसास वाचतां येईल अशा भाषेंत लिहिला जातो आणि नंतर यंत्रास कळेल अशा रूपांत उतरविला जातो. हें उतरविलेलें रूप संगणकावर ठेवावयाचें म्हणजे एक वस्तु उचलून एका फळीवर ठेवणें नव्हे. तिचा मुख्य भाग एका कप्प्यांत जातो, मांडणीचे नियम दुसऱ्या कप्प्यांत, माहितीपत्रक तिसऱ्यांत. शिवाय कोणतीहि आज्ञावली एकटी उभी राहत नाहीं. ती दुसऱ्या चार आज्ञावल्यांच्या खांद्यावर उभी असते, आणि त्या चार आणखी दहांच्या. त्यांतली एक जरी जुनी निघाली किंवा जागेवर नसली, तरी वरची सगळी उतरंड कोसळते. रिचर्ड स्टॉलमन यांनीं १९८३ सालीं 'ग्नू' या प्रकल्पाची घोषणा केल्यापासून मुक्त आज्ञावल्यांचा सांठा वाढत होता, आणि १९९१ नंतर त्याला लिनक्सचा गाभाहि मिळाला. भांडींकुंडीं, शिधा, सरपण सर्व आलें. पण कोठीची व्यवस्था पाहणारा कोणी नव्हता. लग्नघरीं कोठीवर बसणारा माणूस चांगला नसला म्हणजे काय गोंधळ उडतो, हें कोणास सांगावयास नको.

ही उणीव भरून काढण्यासाठीं १९९२ च्या सुमारास तयार संच निघूं लागले. त्यांतला 'एस. एल. एस.' या नांवाचा संच बराच पसरला होता. परंतु त्यांत चुका पुष्कळ होत्या आणि त्या दुरुस्त होत नसत. त्याला वैतागलेल्या लोकांपैकीं एक होता अमेरिकेंतील इंडियाना राज्याच्या पर्ड्यू विद्यापीठांत शिकणारा इयन मर्डॉक. त्याचा जन्म १९७३ सालचा, जर्मनींतील कॉन्स्टान्स येथला. ता. १६ ऑगस्ट १९९३ रोजीं, वयाच्या विसाव्या वर्षीं, त्यानें आपण नवा संच तयार करणार असल्याचें जाहीर केलें. त्या वेळची त्याची मैत्रीण व पुढें पत्नी झालेली डेब्रा हिच्या नांवाचा आरंभ आणि आपलें नांव जोडून त्यानें संचाला 'डेबियन' असें नांव ठेवलें. एवढ्या मोठ्या कार्याला इतकें घरगुती नांव क्वचितच मिळालें असेल.

मर्डॉकची खरी कामगिरी त्याच्या निदानांत आहे. त्यानें एक जाहीरनामा लिहिला. त्यांत त्याचें म्हणणें असें कीं, संच तयार करण्याचें काम सोपें नाहीं, त्यांत कांहीं झगमगाट नाहीं, आणि तें एकदां करून संपत नाहीं, सतत करावें लागतें. म्हणूनच कोणी तें मन लावून करीत नाहीं. यावर त्याचा उपाय असा कीं तें एका माणसाच्या हातीं ठेवूंच नये. संचाचे लहान लहान भाग पाडावे. प्रत्येक भागाला एक पालक असावा. त्यानें आपला भाग सांभाळावा आणि बाकीच्यांवर भरंवसा ठेवावा. भागाला इंग्रजींत 'पॅकेज' म्हणतात. मराठींत त्याला पुडकें म्हणावयास हरकत नाहीं. वाणी पुडी बांधतो त्यांत आणि यांत फरक इतकाच कीं, या पुडक्यावर आंत काय आहे याबरोबरच, तें उघडण्यापूर्वीं घरांत आणखी काय काय असावयास हवें, हेंहि लिहिलेलें असतें.

परंतु शंभर माणसांनीं शंभर ठिकाणीं बांधलेलीं पुडकीं एकाच संगणकावर गुण्यागोविंदानें नांदावयाचीं, तर तीं बसविणारें एक हत्यार हवें. तें 'डीपीकेजी' या नांवानें प्रसिद्ध आहे. १९९४ च्या जानेवारींत मर्डॉकनें त्याचें पहिलें रूप साध्या आदेशांच्या यादीसारखें लिहिलें. पुढें मॅट वेल्श, कार्ल स्ट्रीटर आणि मर्डॉक यांनीं तें पर्ल भाषेंत नव्यानें लिहिलें. त्याच वर्षीं इयन जॅक्सन या इंग्रज तरुणानें त्याचा बहुतेक भाग सी भाषेंत पुन्हां रचला. एका कार्यांत दोन इयन असल्यामुळें उडणारा घोंटाळा आजतागायत चालू आहे, आणि जॅक्सनच्या कामाचें श्रेय पुष्कळदां मर्डॉकच्या खातीं जमा होतें. कल्पना मर्डॉकची हें खरें. पण जें हत्यार तीस वर्षें टिकलें त्याची घडण जॅक्सनची आहे, हें न्यायानें म्हटलें पाहिजे.

या पुडक्याची रचना पाहण्यासारखी आहे. त्यांत तीनच वस्तु असतात. पहिली, पुडकें कोणत्या पद्धतीनें बांधलें आहे तो आकडा सांगणारी लहानशी चिठ्ठी. दुसरी, नियंत्रणाची थैली: तींत पुडक्याचें नांव, आवृत्ति, पालकाचें नांव, थोडक्यांत वर्णन आणि तें कोणकोणत्या दुसऱ्या पुडक्यांवर अवलंबून आहे याची यादी. 'अमुक पुडकें हवें' एवढेंच सांगून ही यादी थांबत नाहीं. 'अमुक आवृत्तीचें किंवा त्यानंतरचें हवें', 'अमुक असेल तर मला आंत घेऊं नका' असेंहि ती सांगूं शकते. तिसरी, खुद्द मालाची थैली. बसवितांना डीपीकेजी प्रथम माल उलगडून ठेवतें, मग अवलंबनाचीं पुडकीं जागेवर आहेत अशी खात्री करून त्याची मांडणी करतें. बसविण्याच्या आधीं व नंतर, काढण्याच्या आधीं व नंतर काय करावें याविषयींच्या सूचनाहि पालक पुडक्यांत घालूं शकतो. काढतांना काय करावें याचा विचार बसवितांनाच झालेला असतो, ही गोष्ट विशेष आहे. पाहुण्यास बोलावणारे पुष्कळ. त्याच्या परतीच्या गाडीची वेळ पाहून ठेवणारे थोडे.

यांत एक लहानशी सोय आहे, तिच्यावरून या लोकांची वृत्ति कळते. आज्ञावलीच्या मांडणीचे नियम मालकानें आपल्या सोयीसाठीं बदलले असतील, आणि पुढें त्या पुडक्याची नवी आवृत्ति आली, तर डीपीकेजी त्याच्या बदलांवर बोळा फिरवीत नाहीं. तें थांबतें आणि विचारतें: तुमचे नियम ठेवूं, कीं नवे घेऊं? दुसऱ्याच्या घरांत काम करणाऱ्यानें घरधन्याच्या हातची मांडणी विचारल्याशिवाय हलवूं नये, हा साधा शिष्टाचार या ठिकाणीं यंत्राला शिकविलेला आहे.

तरीहि एक मोठी अडचण उरली. डीपीकेजी हें हातीं दिलेलें पुडकें बसवितें. जें पुडकें कमी आहे तें आणून देणें हें त्याचें काम नव्हे. 'अमुक पुडकें नाहीं' अशी तक्रार करून तें स्वस्थ बसे. मालकानें तें शोधून आणावें, तर त्याला आणखी तीन हवीं असत. पुडकीं निवडण्यासाठीं जॅक्सननेंच 'डीसिलेक्ट' नांवाची आज्ञावली लिहिली होती, पण ती वापरणें म्हणजे नवख्याला शिक्षाच असे. कर्ता एक काम उत्तम करतो म्हणून त्याचें दुसरें काम चांगलें निघेलच असें नाहीं. अखेर १९९८ च्या सुमारास नवें साधन तयार झालें. आरंभीं त्याचें नांव 'डीइटी' म्हणजे 'देवता' असें ठेवलें होतें. तें बदलून पुढें 'ॲप्ट' असें साधें नांव घेतलें. त्याच्या लेखकांत जेसन गन्थॉर्प याचा वांटा मोठा होता. मार्च १९९९ मध्यें निघालेल्या डेबियनच्या २.१ या आवृत्तीबरोबर ॲप्ट सर्वांच्या हातीं आलें. आतां मालकानें एका पुडक्याचें नांव सांगावें. ॲप्टनें त्याच्या सर्व अवलंबनांची वंशावळ काढावी, आंतरजालावरील भांडारांतून एकेक पुडकें आणावें आणि योग्य क्रमानें डीपीकेजीच्या हातीं द्यावें. आज हातांतल्या दूरध्वनीवर एका बोटानें आज्ञावली उतरवून घेणाऱ्यास यांत नवल वाटणार नाहीं. १९९९ सालीं तें नवल होतें. (ॲप्टच्या लेखकांना विनोदाचेंहि वावडें नव्हतें. त्याच्या मदतपत्रकाच्या शेवटीं, या आज्ञावलीच्या अंगीं गाईच्या दिव्य शक्ति आहेत असें लिहिलेलें असे, आणि 'मू' हा आदेश दिल्यास पडद्यावर अक्षरांनीं काढलेली गाय प्रगट होते.)

हें काम दिसतें तितकें सोपें नाहीं. पंगतींत कोण कोणाशेजारीं बसेल आणि कोण कोणासमोर बसणार नाहीं, अशा शें-दोनशें अटी पाळून पानें मांडावयाचीं असलीं, तर जाणत्या यजमानाचीहि मति गुंग होते. पुडक्यांच्या अवलंबनाचा प्रश्न गणिताच्या दृष्टीनें त्याच जातीचा आहे. सर्व प्रसंगीं झटपट सुटेल अशी रीत ज्यांना अद्याप सांपडलेली नाहीं अशा प्रश्नांत तो मोडतो, हें युरोपांतील संशोधकांनीं २००६ च्या सुमारास सिद्ध केलें. ॲप्ट त्यापूर्वीं सात वर्षें तो प्रश्न व्यवहारापुरता रोज सोडवीत होतें.

आवृत्त्यांच्या इतिहासांत एक गंमतीचा अपघात आहे. डेबियनची १.० ही आवृत्ति कधीं निघालीच नाहीं. १९९५ च्या डिसेंबरांत तबकड्या विकणाऱ्या एका संस्थेनें अर्धवट तयार झालेला संच '१.०' असा शिक्का मारून विकावयास काढला. तेव्हां गोंधळ टाळण्यासाठीं मंडळींनीं तो आकडाच सोडून दिला, आणि जून १९९६ मध्यें १.१ ही आवृत्ति ४७४ पुडक्यांसह बाहेर आली. तेव्हांपासून आवृत्त्यांना 'टॉय स्टोरी' या चित्रपटांतील खेळण्यांचीं नांवें देण्याची प्रथा पडली, कारण मर्डॉकनंतर १९९६ सालीं पुढारीपण घेणारे ब्रूस पेरेन्स हे तो चित्रपट काढणाऱ्या पिक्सार कंपनींत नोकरीस होते. जी शाखा सदैव कच्च्या स्थितींत असते, तिला चित्रपटांतील खेळणीं मोडणाऱ्या मुलाचें, 'सिड'चें, नांव आहे.

पेरेन्स यांच्याच कारकीर्दींत, जुलै १९९७ मध्यें, डेबियननें आपला 'सामाजिक करार' जाहीर केला. संच सदैव मुक्त राहील, दोष लपविले जाणार नाहींत, आणि वापरणाऱ्यांचें हित प्रथम पाहिलें जाईल, असें त्यांत वचन आहे. मुक्त कशाला म्हणावें याच्या त्यांतील कसोट्याच पुढल्या वर्षीं 'ओपन सोर्स'च्या व्याख्येचा आधार झाल्या. पगार नाहीं, करारपत्र नाहीं, वरिष्ठ नाहीं, अशा शेंकडों लोकांस बांधून ठेवणारा दोरा एवढाच होता. त्यांच्यांत कोण कसल्या परिस्थितींत काम करतो हें पुष्कळदां परस्परांसहि ठाऊक नसे. ऑगस्ट २००० मधील २.२ ही आवृत्ति जोएल क्लेकर या तरुण पालकास अर्पण केलेली आहे. स्नायू क्षीण करणाऱ्या असाध्य व्याधीनें तो ग्रासलेला होता, आणि डेबियनचें बहुतेक काम त्यानें अंथरुणावर पडून केलें. ११ जुलै २००० रोजीं एकविसाव्या वर्षीं तो वारला, तेव्हां बरोबर काम करणाऱ्यांपैकीं बहुतेकांस तो आजारी होता हेंच प्रथम कळलें.

पुडकें बांधणाऱ्याच्या हातीं केवढी सत्ता असते, हें २००८ सालीं जगाला कळलें. संगणकांतील गुप्त कुलुपांच्या किल्ल्या घडविणारी 'ओपन एस. एस. एल.' नांवाची आज्ञावली आहे. डेबियनमधील तिच्या पुडक्यांत २००६ सालीं दोन ओळी गाळल्या गेल्या. दोष शोधणारें एक साधन त्या ओळींविषयीं कुरकुर करीत होतें म्हणून त्या काढल्या, आणि त्यापूर्वीं मूळ लेखकमंडळींस विचारणाहि केलेली होती. पण त्या ओळींनींच किल्लीला अनपेक्षितपणा येत असे. त्या गेल्यावर एका मापाच्या किल्ल्या उण्यापुऱ्या ३२,७६७ एवढ्याच निघूं शकत. चोराला सगळ्याच किल्ल्यांचा जुडगा आधींच करून ठेवतां यावा असा हा प्रकार. लुचियानो बेल्लो यांच्या हें ध्यानांत आलें आणि १३ मे २००८ रोजीं तें जाहीर झालें. डेबियनच्याच पायावर उभ्या असलेल्या 'उबुंटू'लाहि तो फटका बसला. जगभर असंख्य किल्ल्या फेंकून नव्या कराव्या लागल्या. त्या पालकाला दोष देणारे पुष्कळ निघाले. पण पावणेदोन वर्षें तो बदल सर्वांसमोर उघडा असतां कोणींहि तो तपासून पाहिला नव्हता, हें त्या टीकाकारांनीं सोयीस्करपणें विसरावें, हें बरें नव्हे.

ती चूक प्रामाणिक होती. २०२४ सालीं जें घडलें तें कपट होतें. माल दाबून लहान करणारी 'एक्स-झेड' नांवाची एक लहान आज्ञावली आहे. ती सांभाळणारा एकटा, थकलेला माणूस. त्याला मदत करण्याच्या मिषानें टोपणनांव घेतलेला कोणी आंत शिरला, दोन-अडीच वर्षें सालसपणें काम करून त्यानें विश्वास संपादन केला, आणि मग तींत चोरवाट ठेवली. ती सर्वांस दिसणाऱ्या मूळ मजकुरांत पुरती नव्हती. तिचा एक दुवा फक्त प्रकाशनासाठीं बांधलेल्या गठ्ठ्यांत दडविलेला होता, आणि डेबियनच्या किंवा तशाच दुसऱ्या पद्धतीचें पुडकें बांधलें जात असेल तेव्हांच तो जागा होई. दूरच्या संगणकावर प्रवेश देणाऱ्या आज्ञावलीचा या एक-झेडशीं मुळांत कांहीं संबंध नव्हता. तो संबंध पुडकीं बांधणाऱ्यांनींच एका सोयीसाठीं केलेल्या जोडकामामुळें आला होता, आणि हल्लेखोरानें तेंच हेरलें. ही चोरवाट डेबियनच्या 'सिड' शाखेंत पोंचली होती. अँड्रेस फ्रॉइंड नांवाच्या अभियंत्यास आपल्या संगणकावर प्रवेशास सुमारें अर्धा सेकंद अधिक लागतो असें आढळलें. त्याचें कारण शोधीत तो थेट मुळाशीं गेला, आणि २९ मार्च २०२४ रोजीं त्यानें सर्वांना सावध केलें. डेबियनच्या स्थिर आवृत्तीस धक्का लागला नाहीं. पुढें नवा आकडा लावून आंत जुनाच निर्दोष माल भरलेलें पुडकें धाडण्यांत आलें, आणि 'वास्तविक जुना' असें त्याच्या आवृत्तीच्या नांवांतच स्पष्ट लिहिलेलें होतें.

अशा कपटावर कांहीं उपाय त्यापूर्वींच चालू होते. एप्रिल २००७ मधील ४.० या आवृत्तीपासून ॲप्ट भांडाराच्या यादीवरील गुप्त सही तपासल्याशिवाय माल विश्वासाचा मानीत नाहीं. ज्यांच्या सह्या मानावयाच्या, त्या पालकांनीं एकमेकांस समक्ष भेटून ओळख पटविण्याची रीत त्याहून जुनी आहे. २०१३ पासून आणखी एक चिकाटीचें काम हातीं घेतलें गेलें: एकाच मूळ मजकुरापासून दोन ठिकाणीं, दोघांनीं स्वतंत्रपणें पुडकें बांधलें, तर तीं दोन्ही अक्षरशः एक निघालीं पाहिजेत. बांधण्याची तारीख, वेळ, कप्प्याचें नांव, वस्तूंचा क्रम, असल्या क्षुल्लक गोष्टींनीं पुडक्यांत फरक पडे. ते फरक एकेक करून हुडकावे लागले. दोन पुडकीं जुळलीं म्हणजे मध्यें कोणीं हात घातला नाहीं असें म्हणतां येतें. मूळ गठ्ठाच विषारी असेल तर मात्र यानें भागत नाहीं. एक्स-झेडनें ती उणीव दाखवून दिली.

मर्डॉक हें सर्व पाहावयास राहिला नाहीं. १९९६ नंतर त्यानें स्वतःची कंपनी काढली, पुढें सन मायक्रोसिस्टिम्समध्यें आणि शेवटीं डॉकर या कंपनींत काम केलें. तेथेंहि त्याच्या आयुष्यभराच्या विषयाशींच, आज्ञावल्या बांधून पाठविण्याशींच, त्याचा संबंध राहिला. २८ डिसेंबर २०१५ रोजीं सॅन फ्रान्सिस्को येथें, वयाच्या अवघ्या बेचाळिसाव्या वर्षीं, त्याचा दुःखद अंत झाला. जून २०१७ मधील नववी आवृत्ति त्याच्या स्मृतीस अर्पण केलेली आहे.

त्यानें लाविलेल्या रोपाचा विस्तार केवढा झाला याची कल्पना दोन-तीन गोष्टींवरून येईल. १९९० नंतरच्या दशकांत डेबियनमध्यें पुडकीं सांभाळणारा मार्क शटलवर्थ हा २००२ सालीं रशियन यानांतून अंतराळांत जाऊन आला आणि २००४ सालीं त्यानें डेबियनपासून उबुंटू हा संच उभा केला. केरळांतील सरकारी शाळांतून मुलें जो संच वापरतात तोहि त्याच कुळांतला आहे. डेबियन मंडळींचें वार्षिक संमेलन सप्टेंबर २०२३ मध्यें कोची येथें भरलें होतें. संच बसवितांना पडद्यावर दिसणाऱ्या सूचना मराठींतहि वाचतां येतात, कारण कोणी मराठी माणसांनीं बसून त्या भाषांतरित केल्या. ९ ऑगस्ट २०२५ रोजीं निघालेल्या तेराव्या आवृत्तींत ६९,८३० पुडकीं आहेत. त्यांतील कोणतेंहि उघडून पाहिलें तर आरंभीं ती लहानशी चिठ्ठी सांपडते, आणि तिच्यावर जॅक्सनच्या काळीं, १९९५ च्या सुमारास, ठरलेला आकडा असतो: २.०.